जवळच्याने सांगावी अशी गोष्ट

माणसाची बहुतेक उणी त्याची त्यालाच सर्वांच्या आधी कळतात. केस विरळ होऊ लागले की आरसा सांगतो, पोट सुटू लागले की सदऱ्याची गुंडी सांगते, आणि वय झाले हे तर जिन्याच्या पायऱ्याच सांगतात. तोंडाला येणारी दुर्गंधी हे मात्र असे उणे आहे की, ते शेजाऱ्याला कळते, बसमध्ये बाजूला बसलेल्या अनोळखी माणसाला कळते, कडेवर घेतलेल्या लहान मुलाला कळते. ज्याच्या तोंडाला वास येतो त्या एकट्याला मात्र कळत नाही. आज, वाचकहो, या काहीशा अवघड विषयावर तुमच्याशी बोलावयाचे आहे. विषय नाजूक खरा. परंतु जो विषय कोणी काढीत नाही, त्याचे औषधही कोणी घेत नाही.

आपला वास आपल्याला का कळत नाही, याचे कारण नाकाच्या स्वभावात आहे. नाक हा नव्या वासाचा पहारेकरी आहे. जो वास सतत भोवती असतो त्याची दखल घेणे तो काही मिनिटांतच सोडून देतो. अत्तराच्या दुकानात बसणाऱ्याला अत्तर जाणवत नाही आणि फोडणी घातलेल्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या गृहिणीला मिरचीचा ठसका बाहेरून आलेल्या पाहुण्याइतका लागत नाही. आपला श्वास तर जन्मापासूनचा सोबती. तेव्हा तो बिघडला आहे हे सांगावयाला दुसरे माणूस लागते. आणि येथेच खरी अडचण आहे. कारण ते दुसरे माणूस बोलत नाही.

प्लुटार्क या ग्रीक ग्रंथकाराने या संबंधात एक मोठी मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. सिसिली बेटावरील सिराक्यूज येथे हिएरॉन नावाचा राजा होता. त्याच्या एका वैऱ्याने त्याला एकदा हिणवले की, तुझ्या तोंडाला घाण येते. राजा घरी आला आणि रागारागाने राणीला म्हणाला, ही गोष्ट तू मला कधीच कशी सांगितली नाहीस? ती साध्वी उत्तरली की, मला वाटले सर्वच पुरुषांच्या तोंडाला असा वास येत असेल. प्लुटार्कने ही गोष्ट सांगितली ती शत्रूपासूनही लाभ कसा होतो हे पटविण्यासाठी. मला मात्र ती वाचताना नेहमी असे वाटते की, जी गोष्ट घरातल्या माणसाने मायेने सांगावयाची ती राजाला वैऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली. दोन हजार वर्षे लोटली, तरी आपल्या घरांतून अजून बहुधा हेच चालू आहे.

माझा व्यवसाय भाषांतराचा. आरोग्यविषयक मजकूर मराठीत आणताना या विषयाशी माझी गाठ पडली, ती प्रथम शब्दांच्या निमित्ताने. मराठीत आपण 'तोंडाला वास येतो' एवढेच म्हणतो. चांगला की वाईट हे सांगण्याची गरज पडत नाही. वैद्यकात 'मुखदौर्गंध्य' असा भारदस्त शब्द आहे. इंग्रजीत 'हॅलिटोसिस' म्हणतात. त्यातला 'हॅलिटस' म्हणजे लॅटिन भाषेत नुसता श्वास. १८७९ साली शस्त्रक्रियेच्या कामासाठी म्हणून तयार झालेल्या 'लिस्टरीन' नावाच्या जंतुनाशकाच्या विक्रेत्यांनी १९२० नंतरच्या दशकात हा अडगळीतला वैद्यकीय शब्द उचलला आणि अमेरिकेतल्या वृत्तपत्रांतून अशा काही जाहिराती दिल्या की, आपले लग्न जमत नाही ते श्वासामुळेच, अशी धास्ती तरुण-तरुणींना पडावी. लोकांच्या मनात भीती निर्माण करून माल विकण्याचा तो एक नमुनाच ठरला. म्हणजे एकीकडे घरातले मौन आणि दुसरीकडे बाजारातला गलका. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या माणसाला साधी, खरी माहिती मिळावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दांचीच गोष्ट निघाली आहे, तर आणखी एक सांगते. जेवणानंतर सुपारी, लवंग, वेलदोडा किंवा बडीशेप आपण तोंडात टाकतो, तिला मराठीत 'मुखशुद्धी' म्हणतात. तिलाच गुजरातीत 'मुखवास' म्हणतात. मला गुजराती शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. कारण लवंगेने किंवा वेलदोड्याने तोंडाला सुवास येतो, लाळ सुटते, घटकाभर बरे वाटते. परंतु शुद्धी होत नाही. केर तसाच ठेवून खोलीत उदबत्ती लावावी, त्यातलाच तो प्रकार. केर कोठे आहे हे पाहणे महत्त्वाचे.

हा केर बहुतेकांच्या बाबतीत तोंडातच असतो. आपल्याकडे कोणाच्या तोंडाला वास आला की 'पोट साफ नसेल' असे निदान घरोघर होते, आणि रात्री झोपताना चूर्णाची पुडी हाती दिली जाते. वस्तुतः पोटातला वास सहसा वर येत नाही. अन्ननलिका एरव्ही मिटलेली असते. ज्यांना आंबट ढेकरा व जळजळ यांचा सततचा त्रास आहे, त्यांच्या बाबतीत पोटाचा थोडा दोष असू शकतो. एरव्ही दहांपैकी सुमारे आठ जणांच्या दुर्गंधीचे मूळ दात, हिरड्या आणि जीभ यांच्या पलीकडे शोधावे लागत नाही.

तेथे घडते ते असे. आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू कायमचे वस्तीला असतात. त्यांतल्या काहींना हवेचे वावडे असते. म्हणून ते जिभेच्या मागच्या खरखरीत भागावर, दातांच्या फटींत आणि हिरडी व दात यांच्यामधल्या खोबणीत दडून राहतात. अन्नाचे कण, लाळेतील द्रव्ये आणि तोंडातल्या आवरणाच्या झडलेल्या पेशी यांतली प्रथिने ते कुजवितात. त्या कुजण्यातून गंधकाची वायुरूप संयुगे सुटतात. त्यांतले एक तर नासक्या अंड्याच्या वासाला कारण असणारे हायड्रोजन सल्फाइडच होय. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे जोसेफ टोन्झेटिच यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वायूंचे मोजमाप करून हा उलगडा पुष्कळसा पक्का केला.

परंतु आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, रोजच्या दिनचर्येचे नियम दिले आहेत. त्यांत जिभेच्या मुळाशी साचणारा मळ हा श्वासाला अडथळा करतो आणि दुर्गंधी उत्पन्न करतो, म्हणून जीभ खरवडावी, असे स्पष्ट सांगितले आहे. ते साधन सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांचे असावे, वाकडे असावे आणि त्याला धार नसावी, इतका बारकावा तेथे आहे. दातवण दिवसातून दोन वेळा करावे आणि ते करताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, हेही तेथेच आहे. आजचा दंतवैद्य याहून वेगळे काय सांगतो? आपल्याकडे तांब्याची जिभली, हिंदी प्रदेशातली 'जीभी', कित्येक पिढ्या वापरात होती. ब्रश आला, पेस्ट आली आणि या घाईत अनेक घरांतून जिभली तेवढी हद्दपार झाली. दात दुधासारखे शुभ्र आणि जीभ मात्र पांढऱ्या थराने माखलेली, असे दृश्य त्यामुळे दिसते.

दुर्गंधीचा दुसरा मोठा धनी म्हणजे लाळेची टंचाई. लाळ ही तोंडाची अखंड वाहणारी नदी आहे. ती वाहती आहे तोवर घाण साचत नाही. रात्री झोपेत तिचा ओघ अगदी मंदावतो, म्हणून सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्याच तोंडाला थोडा वास असतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; चूळ भरली, दात घासले, न्याहारी झाली की तो जातो. एकादशीच्या किंवा रोज्याच्या दिवशीही तोंड कोरडे पडून असेच होते. शिवाय दीर्घ उपवासात शरीर चरबी जाळू लागते, त्याचाही एक निराळा वास श्वासाला येतो. तोंड उघडे ठेवून झोपणारे, घोरणारे, दिवसभर बोलण्याचे काम असूनही पाणी पिण्यास विसरणारे शिक्षक आणि विक्रेते यांची तक्रारही लाळेचीच असते. सर्दीवरची, मानसिक आजारांवरची आणि रक्तदाबावरची काही औषधे तोंड कोरडे पाडतात. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करू नये; डॉक्टरांना तसे सांगावे आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

कांदा-लसणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. लसणातले एक गंधकयुक्त द्रव्य पचनानंतर रक्तात मिसळते आणि फुप्फुसांवाटे श्वासातून बाहेर पडते. म्हणून लसणाची चटणी खाल्ल्यावर कितीही वेळा दात घासले तरी वास पुष्कळ तास मागे राहतो. हा काही रोग नव्हे. जेवताना दूध घेतल्याने किंवा कच्चे सफरचंद खाल्ल्याने तो थोडा कमी होतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. महत्त्वाच्या भेटीच्या दिवशी चटणीला नकार देणे हा सर्वांत सोपा उपाय.

आता एक हकीकत सांगते. ज्यांची ती आहे त्यांनीच ती मला मोकळेपणाने सांगितली. हे गृहस्थ एका कचेरीत काम करीत. वय पंचेचाळीसच्या आसपास, कामाला चोख, स्वभावाने बोलके. हळूहळू त्यांच्या लक्षात येऊ लागले की, आपण टेबलाजवळ गेलो की समोरचा खुर्ची मागे घेतो; डबा खाताना आपल्या शेजारची जागा रिकामी राहते; बाहेरची मंडळी भेटीला आली की त्यांना घेऊन जाण्याचे काम दुसऱ्याकडे दिले जाते. त्यांनी त्याचे नाना अर्थ लावले. बढतीच्या बाबतीत कोणी कागाळी केली असेल. आपण परप्रांतातले म्हणून असेल. एके दिवशी त्यांच्या मेजावर कोणीतरी पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी ठेवून दिली. त्यांना वाटले, कोणाकडे बारसे असावे. आणि त्यांनी त्या गोळ्या सर्वांना वाटल्या. त्या वेळी उमटलेले हसू त्यांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिले.

अखेर तेथल्या एका वयस्क मुद्रितशोधकांनी त्यांना संध्याकाळी चहाला नेले आणि एकटे गाठून विचारले, "काय हो, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का? माझ्या येत असे. श्वासाला वासही येऊ लागला होता. आपल्यालाही येतो, म्हणून विचारतो. मी दाखवून आलो, बरं वाटलं. आपणही दाखवा." एवढेच बोलणे. दंतवैद्यांनी पाहिले, तो हिरड्या सुजलेल्या, दातांच्या मुळाशी वर्षानुवर्षांचे कीटण साचलेले. इतक्या वयात हिरड्या इतक्या का बिघडल्या, म्हणून त्यांनी रक्तातील साखर तपासावयाला सांगितली. आणि मधुमेह निघाला. मधुमेहाने हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांच्या विकाराने साखर आटोक्यात राहणे कठीण होते, असे हे दुहेरी नाते आहे. वेळेवर कळल्यामुळे पुढचे अनर्थ टळले. ते मला म्हणाले, "वास येत होता याचं दुःख नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं, याचं वाटतं."

म्हणून, वाचकहो, दुर्गंधीकडे केवळ शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहू नये. ती कधी कधी शरीराने धाडलेली चिठ्ठी असते. मधुमेह फार वाढला की श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो. सोबत उलट्या, धाप आणि गुंगी असेल तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाच्या विकारात अमोनियासारखा, तर यकृताच्या गंभीर विकारात काहीसा गोडसर कुबट वास येतो. नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत पू झाला, टॉन्सिलच्या खाचांत पांढरे खडे साचले, तरी दुर्गंधी येते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागला, तर मुलाने चिंचोका, मणी किंवा खोडरबराचा तुकडा नाकात घातला असण्याचा संभव मोठा. तो घरी काढण्याचा खटाटोप न करता डॉक्टरांकडे न्यावे.

तंबाखूविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. २०१६-१७ साली झालेल्या देशव्यापी पाहणीत १५ वर्षे व त्यावरील वयाच्या भारतीयांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात असे आढळले. आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे व तोंडात धरणारे अधिक होते. त्याहूनही विपरीत गोष्ट अशी की, ती दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून वापरली जाते. महाराष्ट्रात भाजलेल्या तंबाखूची मशेरी, छत्तीसगड-ओडिशाकडे गुडाखू, बिहार-बंगालकडे गुल. नावे निरनिराळी, पदार्थ एकच. दंतमंजनात व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ साली शासनाने बंदी केली, तरी घरोघरची मशेरीची डबी काही गेली नाही. कित्येक आयाबाया ती सकाळी लावल्याशिवाय कामाला लागत नाहीत. मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत; हिरड्या मागे सरतात, दुर्गंधी वाढते, आणि पुढे याहून भयंकर गोष्टीची वाट मोकळी होते. सुपारीही निर्दोष नाही. ती कर्कजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद केले आहे. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरून आली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, तर लवंग चघळून वास झाकू नये; त्याच आठवड्यात तपासून घ्यावे. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

आता रोजचे उपाय. ते थोडे आहेत, स्वस्त आहेत आणि म्हणूनच बहुधा आपण ते टाळतो. दात दिवसातून दोनदा घासावेत, आणि त्यांत रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे. कारण रात्री लाळ कमी झाल्यावर अडकलेले अन्न जंतूंना निर्वेध मिळते. ब्रश मऊ असावा, दोन मिनिटे घासावे, जोर लावू नये. राखुंडी, विटेची भुकटी किंवा कोळसा यांनी दातांवरचे कवच झिजते. कडुलिंबाचे किंवा बाभळीचे दातवण वापरणाऱ्यांनी टोक नीट चावून मऊ करून घ्यावे आणि दातांच्या आतील बाजू विसरू नयेत. त्यानंतर जिभली शक्य तितकी मागे नेऊन हलक्या हाताने तीन-चार वेळा पुढे ओढावी. दातांच्या फटी धाग्याने किंवा बारीक ब्रशाने साफ कराव्यात. टाचणीने किंवा आगकाडीने कदापि कोरू नयेत. प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चूळ भरण्याची आपल्याकडची जुनी चाल फार चांगली आहे; ती कचेरीतही सोडू नये. घरातील वृद्धांची कवळी रात्री काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी. बाजारातल्या औषधी गुळण्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच व तेवढेच दिवस घ्याव्यात. त्यांतल्या काहींनी दीर्घ वापरानंतर दातांवर डाग पडतात.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दंतवैद्यांकडे जावे. कीटण काढल्याने दात हलू लागतात, ही समजूत सर्वत्र आहे. वास्तविक कीटणाने हिरडी आधीच मागे सारलेली असते आणि त्याच्या थरामुळे दात घट्ट असल्याचा भास होत असतो. थर निघाला की जी फट दिसते ती रोगाने पडलेली असते, उपचाराने नव्हे.

आपल्या श्वासाची परीक्षा स्वतःला करावयाची झाल्यास मनगट चाटावे, काही क्षण वाळू द्यावे आणि मग हुंगावे. परंतु यापेक्षा भरवशाची परीक्षा म्हणजे घरातल्या एका विश्वासू माणसाला सरळ विचारणे. ते माणूस, आणि गरज पडल्यास दंतवैद्यही, वास नाही असे म्हणत असतील, तर त्यांच्यावर विश्वास ठेवावा. कारण काही माणसे अशीही असतात की, ज्यांच्या तोंडाला मुळीच वास नसताना तो आहे या भीतीने ती लोकांत मिसळणे सोडतात, तोंडावर हात धरून बोलतात, समोरच्याने नाकाला सहज हात लावला तरी खचतात. त्यांना पेस्टची नव्हे, धीराची आणि प्रसंगी मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याची गरज असते.

राहिला प्रश्न सांगण्याचा. तो कसा सांगावा हे त्या मुद्रितशोधकांकडून शिकावे. चारचौघांत सांगू नये, गोळ्यांची पुडी ठेवून सुचवू नये, आणि भांडणात तर कधीच बोलू नये; भांडणात उच्चारलेले खरेसुद्धा शिवीसारखे लागते. एकांतात, थोडक्यात सांगावे आणि त्याच दमात उपायही सांगावा. पतीने पत्नीला, पत्नीने पतीला, मुलीने आईला हे सांगण्याची मुभा घरात असावी. नव्या सुनेला ते सांगावयाचे असेल तर सासूने नणंदेकरवी निरोप धाडू नये, स्वतः सांगावे. आणि ज्याला सांगितले जाते त्याने क्षणभर कानशिले तापली तरी रागावू नये. हे सांगावयाला मोठा धीर लागतो, आणि आपल्याविषयी आस्था असल्यावाचून कोणी तो धीर गोळा करीत नाही.

हा अंक वाचून झाला की आज रात्री झोपण्यापूर्वी दात घासा, जीभ साफ करा, आणि घरातल्या कोणाला तरी हा प्रश्न विचारून पहा. उत्तर काहीही आले, तरी ते आपल्या माणसाकडून आलेले असेल.